तलावाभोवती फार्माकॉलॉजी

“आई... पाच मिनिटं अजून!”

“पाच काहून, दहा घ्या. पण तुमचा नंबर गेला तर मले बोलू नका,” शेजारी बसलेला मुलगा म्हणाला.

स्वरदाने दचकून डोळे उघडले. मांडीवरचं फार्माकॉलॉजीचं जाडजूड पुस्तक धप्पकन फरशीवर पडलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात हा एकच बाक रिकामा दिसला म्हणून ती टेकली होती... आणि समोरच्या दारावर पाटी होती — ‘मानसिक रोग विभाग’.

“मी पेशंट नाही!” ती घाईघाईने म्हणाली. “स्टुडंट आहे. सेकंड ईयर.”

“मी दोन्ही आहे,” शेजारचा मुलगा हसून म्हणाला आणि त्याने पुस्तक उचलून दिलं.

तेव्हा तिने त्याला ओळखलं. अनिमेष. गेल्या वर्षी पेपर अर्धवट टाकून परीक्षेच्या हॉलमधून उठून गेलेला सीनियर. यंदा तिच्याच परीक्षेला बसणारा. हॉस्टेलच्या मुली त्याचं नाव दबक्या आवाजात घेत.

“किती झोपतेस?” त्याने सरळ विचारलं.

“तीन तास.”

“अन् लक्षात किती राहतं?”

आदल्या दिवशी तोंडी परीक्षेत सरांनी रोल नंबर विचारला, आणि तिला स्वतःचा रोल नंबर आठवला नव्हता! कुणालाही न सांगितलेली ही गोष्ट तिने या जेमतेम ओळखीच्या मुलाला सांगितली, आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले.

अनिमेषने तिच्याकडे पाहायचं टाळलं. म्हणाला, “आत सुनीती मॅडम आहेत. माझ्यानंतर भेटून घे. मी एक वर्ष उशिरा भेटलो... तू नको करू तसं.”

ती भेटली. मॅडमनी अर्धा तास ऐकून घेतलं. म्हणाल्या, रोज सात तास झोप, एक तास मोकळी हवा, आणि मन मोकळं करायला एक माणूस.

त्या दिवशी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी तिने जेवतानाच सांगून टाकलं, “बाबा, आजपासून मी दहाला झोपणार.”

नव्या मंत्रालयातल्या फायलींनी आधीच वैतागलेल्या अनंतरावांनी घास खाली ठेवला. “परीक्षा महिन्यावर आली अन् पोट्टी झोपून राहिली?”

“झोपले नाही तर परीक्षेपर्यंत पोचणारच नाही, बाबा.” तिने नजर हलवली नाही. अनंतरावांनी तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला अनिमेषबरोबर बूढा तालाब, गावातला जुना तलाव! डिसेंबरची थंडी, पाण्यावर धुकं आणि दोन फेऱ्या. पहिलीत अभ्यास तोंडी, दुसरीत अभ्यासाचं नाव काढायचं नाही, असं ठरलेलं.

“दुसरी फेरी आहे,” अनिमेष बजावायचा. “आता फक्त तुझ्याबद्दल बोल.”

“मले माझ्याबद्दल काही येत नाही.”

“मग मी सांगतो. चहाचा पहिला घोट घेताना तू डोळे मिटतेस. हसू आलं की आधी नाक वर करतेस...”

“हे सिलॅबसमध्ये आहे?”

“माझ्या सिलॅबसमध्ये आहे.”

तिने शाल कानांवर ओढून घेतली — थंडी तेवढी नव्हती.

आठ दिवस उरले, आणि अनिमेष यायचा थांबला. एक दिवस, दोन दिवस. फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी स्वरदा गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरचा पत्ता विचारत त्याच्या दारात उभी राहिली.

“दोन दिवस झाले, खोलीतून बाहेर नाही निघून राहिला,” त्याची आई, रमाकाकू, कुजबुजल्या.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. “जा तू. अभ्यास कर. मी नाही बसत परीक्षेले. पुन्हा तसंच होईल.”

तिचा एक दिवस जाणार होता, आणि अर्धी पॅथॉलॉजी अजून बाकी होती. तरी तिने दाराजवळच्या चपला उचलून त्याच्या पलंगाशी ठेवल्या.

“परीक्षेचं नंतर पाहू. आत्ता फक्त चप्पल घाल. मॅडमकडे जायचं आहे.”

“अन् नाही गेलो तर?”

“मी इथेच बसते. काकू, चहा मिळेल?”

दोन कप चहा झाला. मग अनिमेष उठला.

मॅडमनी औषध बदलून दिलं आणि रोज येऊन भेटायला सांगितलं. परीक्षा संपेपर्यंत रोज स्वरदा त्याला मॅडमच्या दारापर्यंत सोडून यायची.

शेवटच्या पेपरची घंटा झाली. मुलं भराभरा बाहेर पडून जिन्याखाली घोळक्याने उभी राहिली. स्वरदा जिन्यापाशी थांबली. सगळ्यात शेवटी तो आला. बोटं शाईने माखलेली, चेहरा उतरलेला, आणि ओठांवर हसू.

“दोन प्रश्न राहिले. पण शेवटपर्यंत बसलो.”

मग तो चाचरत म्हणाला, “स्वरदा, तू मले फार आवडतेस... पण मी पुन्हा कधी कोसळलो तर? आजारी माणसाशी कोण—”

“काय डॉक्टर होणार तू! पेशंटशी असं बोलतात?”

“म्हणजे... हो समजू?”

“हव,” ती अस्सल रायपुरी थाटात म्हणाली, आणि तिथेच जिन्यापाशी, सगळ्या बॅचसमोर, त्याची शाईची बोटं तिने आपल्या हातात घट्ट धरली.