विमलबाईचं नाव

पोरींनो, तुम्ही याद्या घेऊन घरोघर जाता, म्हणून सांगते. सपनाच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि सपना खोटं बोलणारी बाई नाही.

सपना शेजारच्या गावची आशा कार्यकर्ती. जैनथकडच्या आमच्या गावाचं काम तिच्याकडं जास्तीचं होतं. अंथरुणाला खिळलेली, दुखण्यानं तळमळणारी म्हातारी माणसं शोधायची, त्यांची नावं लिहून द्यायची. मग नर्स औषध घेऊन घरी येते. कापूस वेचणीचे दिवस, दिवसा घरांना कुलपं. म्हणून ती अंधार पडल्यावर फिरायची. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. ओट्यावर उभं राहायचं, घरच्या कर्त्याला विचारायचं, तो सांगेल ते लिहायचं.

माझ्या शेजारचा दौलत म्हणाला, आमच्यात तसं कोणी नाही. त्याची आई विमलबाई आतल्या खोलीत कापसाच्या ढिगामागं पडून होती. छातीचा कॅन्सर. नातीची सोयरीक ठरत होती, म्हणून लपवली. तिचं कण्हणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मीही गप्प बसले. सपनानं लिहिलं, कोणी नाही.

यादी तपासायला ती पुन्हा आली, तो मागच्या डिसेंबरातला शुक्रवार. अमावस्या. रात्रीचे साडेआठ. दौलतच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली.

"तवा दाराशीच उभी राह्यली तू. त्याले इचारलं. मले काऊन नाही इचारलं, पोरी?"

सपनानं नाव विचारलं. विमलबाई. कुठं दुखतं, विचारलं. म्हातारीनं छातीवर हात ठेवला… काढलाच नाही.

सपनाजवळ तापाच्या गोळ्या होत्या. दोन काढून तिच्या दुसऱ्या हातावर ठेवल्या. हात गार… फार गार.

दार उघडलं. दौलत.

"कोणाशी बोलून राह्यल्या, ताई?"

"तुमच्या मायशी. घरात कोणी नाही मनले होते ना तुमी?"



"मायले जाऊन नऊ दिस झाले."

सपना वळली. ओटा रिकामा.

गोळ्या दिल्याचं तिनं सांगितलं. तेव्हा दौलतनं मोबाईलची बत्ती लावली. गुडघ्यावर बसून ओटा धुंडाळला. पायऱ्या. नाली. आई जिवंत होती तेव्हा एक गोळी आणली नाही त्यानं… त्या रात्री दोन शोधत होता.

गोळ्यांचं पाकीट सपनानं दुसऱ्या दिवशी मला दाखवलं. दोन जागा रिकाम्या. गोळ्या आजपर्यंत सापडल्या नाहीत.