पेंढ्याचं पॅराशूट

"सोड! अगं, सोड ती बॅग!" तन्वीर ओरडला.

शेळी कसली ऐकतेय! सड्यावर, कड्यालगतच्या उघड्या माळावर, जीपच्या सावलीत उडताना अंगावर बांधायचा हार्नेस ठेवला होता; त्याची शिवण तिनं उसवली होती आणि आतलं काहीतरी ओढून ती मजेत चघळत होती.

"शेळीला पॅराशूट आवडतं?" त्याची बहीण समरीन खिदळली.

"पॅराशूट कुठलं? पेंढा आहे!" सानिका वाकून म्हणाली. तिचं हसू मावळलं. "हा ताईचा हार्नेस आहे."

दिवाळीची सुट्टी होती. किनाऱ्यानं सड्यासड्यावर मुक्काम करत गोव्यापर्यंत जाणारी सुजयसरांची पॅराग्लायडिंगची जीप बुरोंडीत मुक्कामाला होती. सानिकाची थोरली बहीण वैष्णवी रोज पर्यटकांच्या आधी उडायची. पुढच्या मुक्कामाला, गणपतीपुळ्याला, सर तिला सोबत नेणार होते, पायलट करणार होते. हवेत घात झालाच, तर जीव वाचवणारं राखीव पॅराशूट हार्नेसच्या मागच्या खणात असतं, हे तिनंच तिघांना ऐटीत सांगितलं होतं.

त्या खणात पेंढा!

जीपपलीकडून आवाज आले. तिघं खाली बसली.

"सर, वारा फिरला," मदतनीस संदेश म्हणत होता. "मघाशी समुद्राकडून होता, आता पाठीमागून येतोय. ढगही चढलेत."

"मग पोरीला सोड. नीट उतरली तर गिऱ्हाइकं पाठवू."

"आणि नाही उतरली तर?"

"तर आज सुट्टी! अरे, खरं पॅराशूट महाग असतं. पेंढा भातकापणीत फुकट!"

दोघंही हसले.

सानिका धावत बहिणीकडे गेली. वैष्णवीनं सगळं ऐकलं आणि तिला ढकलून दिलं. "जळतेस तू! मला जायला मिळतंय ना, म्हणून!"

"ताई ऐकणार नाही," समरीन म्हणाली. "पण सर ऐकतील. चारचौघांत!"

तन्वीरनं हार्नेस ओढत कड्यापाशी, जमलेल्या पर्यटकांसमोर आणला. समरीननं टाळ्या पिटल्या. "आजची पहिली उडी खुद्द सुजयसरांची!"

पर्यटकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल काढले.

"मारतो की!" सर छाती काढून म्हणाले. "संदेश, माझा हार्नेस आण."

"हाच घ्या ना," सानिका म्हणाली.

"तो नको."

"का? ताई रोज हाच घालते."

"नको म्हटलं ना, कार्टे! मरायचंय का मला?"

कुणी हसलं नाही.

वैष्णवी पुढे आली. तिनं हार्नेसचं लाल हँडल खेचलं. पेंढा भसाभस बाहेर पडला आणि वाऱ्यानं समुद्राकडे उडाला. पाठोपाठ आलेल्या झोतानं उड्डाणासाठी अंथरलेलं ग्लायडरचं रिकामं छत्र उचललं, कड्यापलीकडे फेकलं. खालच्या खडकांवर त्याच्या चिंध्या होईपर्यंत ती बघत राहिली.

संध्याकाळी पोलिसांनी जीप नेली, सर आणि संदेशसकट. सानिकाच्या अंगणात गर्दी झाली. पोलीसपाटील आत्मारामकाकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास रे पोरांनो! आणि वैष्णवी, कॉलेजात जाऊन तुला एवढं कळलं नाही होय?"

सगळे हसले.

"हसताय काय?" सानिका कडाडली. "ती उडत होती तेव्हा रोज टाळ्या कोण वाजवत होतं? तिचा हार्नेस तुमच्यातल्या एकानं तरी उघडून बघितला?"

हसू थांबलं. काकांनी टोपी काढली.

"खरं बोललीस, बाय," ते म्हणाले. "ही शाब्बासकी तुझ्या बोलण्याला, आधीच्यापेक्षा मोठी."

वैष्णवीनं सानिकाचा हात धरला होता, दुखेल इतका घट्ट.