बदामची राणी, अकराव्या हाताला

तीस वर्षं मी तर्कशास्त्र शिकवलं. भुताखेतांसाठी माझ्या विषयात जागा नव्हती. तरीही पुढचा शब्द न् शब्द खरा आहे.

इंग्लंडमधलं मेडनहेड. गेल्या नोव्हेंबरमधला बुधवार, दुपारचे सव्वातीन. चर्चच्या हॉलमध्ये भरणारा ब्रिज क्लब.

त्याच वर्षी फेब्रुवारीत याच हॉलमध्ये माझा नवरा सुभाष एक अवघड डाव जिंकला. बदामची राणी प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडे आहे, हे त्याने अचूक ओळखलं. राणी होती क्लबच्या सेक्रेटरी जेनिफरबाईंकडे. त्यांनी अत्यंत सुसंस्कृत पत्र पाठवलं: जोडीदार असलेल्या पत्नीने खूण केल्याशिवाय हे शक्य नाही.

मी खूण केली नव्हती.

जूनमध्ये सुभाष गेला. आता विजेत्यांच्या फलकावरून त्याचं नाव काढायचं होतं. सोमवारी सभा. सुसंस्कृत माणसं मृतांनाही सोडत नाहीत.

ते थांबवायला मी गेले. जोडीदार म्हणून मूळचे ठाण्याचे एलियट.

"अजून खेळता? धीराच्या आहात," आमच्याच टेबलाशी प्रतिस्पर्धी म्हणून बसत जेनिफरबाई म्हणाल्या.

"तुमच्या पत्राने सवय लावली."

"सुनीतीताई, आधी पत्ते, मग भांडण," एलियट मराठीत पुटपुटले.

आमचं टेबल आधीच्या फेरीत रिकामं होतं. त्यावरच्या बोर्डमध्ये चौघांचे पत्ते चार कप्प्यांत होते. सकाळी जेनिफरबाईंनी स्वतः पिसून भरलेले. अजून कोणी हात न लावलेले.

मी माझे तेरा पत्ते उचलले…

फेब्रुवारीतलेच. एकही वेगळा नव्हता.

"कोणी पत्ते हलवू नका. हा सुभाषचा फेब्रुवारीतला डाव आहे. होते त्या क्रमाने मांडा," मी म्हणाले.

चार ओळी मांडल्या गेल्या. ब्रिजमध्ये आपण खेळलेले पत्ते आपल्यापुढे क्रमाने ठेवतो, आणि परत भरताना मिसळतो.

हे मिसळलेले नव्हते.

चारही ओळींतल्या पहिल्या पत्त्यांचा पहिला हात. मग दुसरा. मग तिसरा…

एक संपूर्ण डाव. खेळून झालेला.

एलियट बोट फिरवत गेले. "सुभाषरावांनी आधी बाकीचे तिन्ही रंग संपवले. अकराव्या हातापर्यंत कोणाकडे काय उरलं, सगळं मोजून झालं. राणी तुमच्याकडेच उरते, जेनिफर. खुणेची गरजच काय?"

हॉलमधला हीटर बंद पडला होता. की मलाच तो ऐकू येत नव्हता…

"हे पत्ते मी पिसले होते," जेनिफरबाई म्हणाल्या. मग पुन्हा तेच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र मागे घेतलं. फलकाला कोणी हात लावला नाही.

मी जिंकले. हे तुम्हाला सांगून इथेच थांबता आलं असतं.

पण जेनिफरबाईंना खेळलेले पत्ते आठवत नाहीत. मला आठवतात.

फेब्रुवारीत सुभाषने काहीही मोजलं नव्हतं. चौथ्याच हाताला, क्षणभर माझ्या खांद्यामागे पाहून, त्याने राणी पकडली होती. माझ्या मागे खिडकी होती. तिच्या काचेत कोणाचे पत्ते दिसत होते का, ते मी कधी वळून पाहिलं नाही.

निर्दोष माणसाला, मेल्यावर, आपला डाव दुरुस्त का करावा लागतो…