मावशीचा खिसा

आई कामासाठी बाहेरगावी गेली, म्हणून आठवडाभर टिटवीला शाळेत सोडायचं-आणायचं काम मावशीकडे आलं. त्यात काय एवढं! पण रोज सकाळी बूट चढवले रे चढवले, की टिटवीच्या पोटात गोळा. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचावं लागतं ना!

"सगळे हसतात गं मावशी..."

"आण इकडे ती भीती!" मावशीने तिच्या पोटावरून चिमूटभर हवा उपटली, आपल्या जॅकेटच्या खिशात कोंबली आणि खर्रकन चेन ओढली. "झालं! आता ती माझी."

टिटवी मात्र हसली नाही. "सांभाळ हं. सोडलीस तर माझ्याकडेच येईल."

गंमत म्हणजे पोटातला गोळा खरंच गेला! मग काय, रोज चिमूट, रोज खिसा. मावशी स्वतःवर जाम खूश.

शुक्रवारी ती आपल्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांचा नंबर तपासत होती. बाहेर लख्ख ऊन, आतल्या खोलीत तेवढा अंधार. समोर उजळलेली अक्षरं. आजोबा अडखळत वाचत होते... आणि खिसा हलला.

मोबाइल? तो तर टेबलावर होता.

तिने चेन उघडून हात घातला. आत बोटं होती. इवलीशी, गार, घामेजलेली. त्यांनी तिचं बोट घट्ट धरलं. रस्ता ओलांडताना टिटवी धरते ना, अगदी तस्सं.

ती हात झटकणारच होती. पण आत्ता तर टिटवीचा वाचनाचा तास. पोरगी उभी राहिली असेल. आणि आपण सोडलं तर...

"पुढची ओळ वाचा, आजोबा," ती हळूच म्हणाली. भिंगं एकाच हाताने बदलत राहिली.

"हाताला लागलंय का गं पोरी?"

"नाही हो... असंच."

शाळा सुटली तेव्हा टिटवी फाटकातून उडतच आली. "मावशी, आख्खा धडा वाचला! कुणी हसलं नाही!"

मावशीचा जीव भांड्यात पडला. हात मात्र अजून खिशातच होता.

"आणि मी सगळ्यांना तुझं सांगितलं!"

टिटवीच्या मागे तिच्या वर्गातली पोरं येऊन उभी होती. शर्ट वर करून, पोटं पुढे काढून.

"आमची पण घ्या ना, मावशी..."

ती नाही म्हणणार, एवढ्यात खिशातली बोटं हलली. हळूच कडेला सरकली. बसमध्ये आपण सरकतो ना, येणाऱ्याला जागा करून द्यायला... तशी.