मात्सूदेवीचे जोडे

मात्सूदेवीच्या पावलाचं माप साडेसहा बोटं. चाळीस वर्षांत त्यात केसाचा फरक पडला नव्हता. लाकडाची मूर्ती, फरक पडणार कुठून?

बेटावरचं या समुद्रदेवीचं देऊळ तीनशे वर्षांचं. तिथल्या उदाची चिमूटभर राख घेतल्याशिवाय होडी समुद्रात जात नसे, आणि देवीच्या जन्मदिवसाला तिला नवे जोडे चढत. ते चाळीस वर्षं रुइलानकाकी शिवायची. चिंध्यांचे थर, तागाचा दोरा, टाक्याला टाका. वर्षाअखेरीस उतरवलेल्या जोड्यांचे तळ झिजलेले निघत. त्यावर कुणी बोलत नसे.

यंदा देवळाचे प्रमुख पेंगभाऊ शहरातून तयार जोडे घेऊन आले. वर रेशीम, खाली पुठ्ठा.

"भाऊ, पुठ्ठा? तिला चालायचं असतं!"

"वहिनी, तीनशे वर्षं बसून आहे ती. माझी सासूसुद्धा कधीमधी उठते."

"मागे उभ्या आहेत त्या."

पेंगभाऊंनी वळून पाहिलं नाही, शहाणे होते. पण पुठ्ठा चढला आणि काकीचे जोडे पेटीत गेले.

चौथ्या दिवशी वादळ आलं. काकीचा मुलगा खुनशेंग अकरा जणांसह समुद्रात होता. दोन दिवस काकी धक्क्यावरून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी भर उन्हात होडी दिसली. शीड नाही, सुकाणू नाही; माणसं मात्र बाराच्या बारा! ढोल, झांजा, फटाके. पेंगभाऊ तर सासूचा हात धरून नाचले.

"वाट कशी सापडली रे?" काकीने विचारलं.

"पुढे एक बाई चालत होती, आई. पाण्यावरून." खुनशेंग थांबला. "लंगडत होती."

ढोलांच्या आवाजात ते वाहून गेलं. मिरवणूक देवळात शिरली.

देवीच्या पायांत रेशमाच्या ओल्या चिंध्या होत्या. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. त्यात शिंपल्यांचे कपचे रुतले होते.

पेंगभाऊ स्वतः गेले, पेटी उघडली आणि दोन्ही हातांनी जोडे काकीपुढे धरले. "चुकलो, वहिनी. तुम्हीच घाला." असं ते चारचौघांत प्रथमच बोलले होते. साऱ्या गावाने काकीच्या नावाने आरोळी ठोकली.

काकी ताठ मानेने पुढे गेली, गुडघ्यांवर बसली.

जोडा चढेना.

माप तेच, साडेसहा बोटं.

"पाण्यानं लाकूड फुगलं असेल," पेंगभाऊ हळूच म्हणाले.

"असेल."

काकीने देवीच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि सावकाश भरून आला.