थोरल्या वेदीवरच्या नऊ मेणबत्त्या

मंगळवारी सकाळी चुवाबाह गावच्या पोलीस चौकीतला फोन वाजला आणि हवालदार मिकाएला अहशुपला आधी नुसते हुंदकेच ऐकू आले. मग तोमासाचा आवाज आला.

"लवकर ये गं. थोरल्या वेदीवरून तातांना आभाळानं नेलं."

तात गास्पार हे तोमासाचे वडील. वाडवडिलांपासून चालत आलेली दिवसांची गणती ते सांभाळत; तिच्यात दर दिवसाला ओळीनं एक ते तेरा असा आकडा असे. मका कधी पेरायचा, सोयरीक कधी मागायची, हे त्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलत नसे.

एरवी असं काही ऐकून मिकाएला हसली असती. पण तो २०१२ चा डिसेंबर होता. राजधानीहून आलेला इंजिनिअर आर्मास महिनाभर शाळेच्या रिकाम्या इमारतीत ठाण मांडून बसला होता. जुन्या पंचांगाचा मोठा फेरा येत्या शुक्रवारी संपतोय आणि त्याच दिवशी सूर्याआडून एक काळा ग्रह येऊन धडकणार, असं तो सांगत होता. निम्मं गाव घरदार सोडून त्याच्याकडे राहायला गेलं होतं. त्यात मिकाएलाची आई होती, आणि आजीचा हात धरून गेलेली मिकाएलाची सात वर्षांची लेकही.

मिकाएला गणवेश चढवून निघाली. वाटेत तिनं दोनदा आभाळाकडे पाहिलं. आपण पाहिलं याचा तिला रागच आला.

थोरली वेदी डोंगराच्या माथ्यावर होती. तिथं नुसते कोरडे खडक. मधल्या दगडाभोवती काळा जळका गोल उमटला होता. शेजारी तातांची गवती टोपी, काठावर रक्त. त्यांच्या प्रश्न पाहायच्या लाल बिया चहूकडे उधळलेल्या. आणि दगडावर नऊ मेणबत्त्या, ओळीनं, अजून जळत असलेल्या.

खाली जमलेल्या माणसांपैकी एकही वर चढायला तयार नव्हता.

मिकाएलानं वाकून जळका गोल हुंगला. धुपाचा वास नव्हता. रॉकेलचा होता. तिला जरा धीर आला. आभाळाला रॉकेल लागत नाही. मग तिनं टोपी उचलली. पट्टीत पाण्यात वाढणाऱ्या पाणभाजीची ओली काडी अडकली होती आणि आतल्या बाजूला करडा चिखल होता. धीर आला तसाच ओसरला. हे माणसाचं काम असेल, तर तो माणूस गावातलाच होता.

"पहिल्यांदा कोणी पाहिलं?" तिनं वरूनच विचारलं.

"मी." एकटा सिरिलो चढून वर आला. चाळिशीचा, हाडकुळा. पंधरा वर्षं समुद्राकाठच्या उसाच्या मळ्यात राबून तो यंदाच गावी परतला होता आणि तातांचा शिष्य झाला होता. "पहाटे निळा उजेड दिसला, बाईसाहेब. खांबासारखा. तसाच धावत वर आलो."

"तात इथं असतील हे तुला कसं ठाऊक?"

"आज त्यांचा इथं यायचा दिवस ना."

"वर येताना कोणी भेटलं?"

"कोणी नाही. बाईसाहेब, शोधत बसू नका. तुम्हीही शाळेत चला. तीनच दिवस उरलेत." त्याच्या डोळ्यांतली भीती खरी होती.

तोमासा अंगणात बसली होती. शेजारी मळक्या कपड्यांची पाटी तशीच पडलेली.

"तात केव्हा निघाले?"

"मी उठायच्या आत. धूप, फुलं, मेणबत्त्या घेऊन. मी ही पाटी घेऊन निघाले होते, तर शेजारीण ओरडली, आज एकाचा दिवस, झऱ्यावर धुणं चालत नाही. म्हणून परत फिरले. गेले असते तर निदान वाटेत भेट झाली असती गं त्यांची!"

"कोणाशी भांडण?"

"त्या इंजिनिअरशी. गुरुवारच्या बाजारात तात सगळ्यांपुढे सांगणार होते, की फेरा पुरा होतो आणि दुसरा सुरू होतो, बुडत काही नाही." तिनं शालीच्या टोकानं नाक पुसलं. "आणि सिरिलो रुसला होता. गेल्या बुधवारी मोठ्या सणाला नव्या शिष्यांना बियांचं गाठोडं देऊन दिवस मोजायचा अधिकार दिला, ह्याला नाही दिला. तात म्हणाले, तुझी गणती अजून कच्ची आहे."

इंजिनिअर आर्मास शाळेच्या पायरीवर धापा टाकत उभा होता. दम्याची नळी त्याच्या हातातून सुटत नव्हती.

"म्हातारा माझ्या विरोधात बोलणार होता, म्हणून मी त्याला गायब केला? पोरी, शुक्रवारी तूही नसणार आणि तुझी चौकीही नसणार. मी कशाला हात घाण करू?"

"आज कुठला दिवस, इंजिनिअर?"

"भिंतीवर तक्ता आहे, वाच. नवाचा. संशोधन करून बसवलंय ते."

"आणि नवाच्या दिवशी पूजा कुठं करतात?"

"मला काय ठाऊक तुमचे धोंडे कुठं आहेत ते! चार पायऱ्या चढलो तर छाती भरते माझी."

आत दोनशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. मुलंसुद्धा कुजबुजत होती. मिकाएलाची लेक आजीच्या कुशीतून म्हणाली, "आई, ग्रह पडला की दुखतं का?"

मिकाएलानं तिच्या केसांवरून हात फिरवला. टोपीतला चिखल ओला होता. तात जिवंत असतील, तर कुठंतरी रक्त गळत पडले असतील.

सिरिलो मंचावर उभा राहून प्रार्थना सुरू करणार होता. तातांनंतर आता तोच, असं लोक म्हणायला लागले होते.

"सिरिलो," मिकाएला दारातूनच म्हणाली, "कुठल्या दिवसाच्या नावानं सुरुवात करतोस?"

"नवाच्या," तो म्हणाला. "आजच्या."

सभागृहातल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मिकाएलाची आईच आधी बोलली. "नवाचा? काहीतरीच काय! आज एकाचा दिवस आहे रे."

सिरिलोचा चेहरा राखेसारखा झाला.

"आई बरोबर बोलतेय," मिकाएला पुढे येत म्हणाली. "एकाच्या दिवशी दिवस मोजणारे झऱ्याजवळच्या पाण्याच्या वेदीवर जातात. म्हणून तर आज तिथं धुणं बंद. डोंगरावर जातात ते नवाच्या दिवशी. भीतीपोटी कोणाच्या ध्यानात आलं नाही, पण तात आज डोंगर चढलेच नाहीत. त्यांच्या टोपीत पाणभाजी होती, चिखल होता. माथ्यावर दोन्ही नाहीत, झऱ्यावर आहेत. घडलं ते तिथं. मग कोणीतरी टोपी आणि बिया वर नेल्या, रॉकेल ओतलं, नऊ मेणबत्त्या लावल्या."

"इंजिनिअरनं!" कोणीतरी ओरडलं.

"त्याच्या तक्त्यावर आज नवाचा दिवस आहे खरा. पण नवाची पूजा डोंगरावर होते, हे त्याला माहीत नाही, आणि तो चढूही शकत नाही. गावातल्या कोणाला डोंगराचं माहीत असतं, पण तो आज नऊ म्हणणार नाही. रीत गावाची आणि गणती तक्त्याची, असा माणूस इथं एकच आहे. त्यानंच मला सांगितलं, आज तातांचा डोंगरावर यायचा दिवस."

सिरिलो मंचावरून उतरला नाही. खाली बसला.

"डोंगराकडेच निघालेत समजून मी त्यांना झऱ्यापाशी गाठलं, फक्त विनवलं," तो म्हणाला. "गुरुवारी बोलू नका, लोक घरी जातील, एकेकटे मरतील. ते हसले. म्हणाले, त्या कागदावरून दिवस मोजतोस म्हणून तर गाठोडं दिलं नाही. मी ढकललं. दगडावर डोकं आपटलं त्यांचं."

"कुठं आहेत ते?"

"मारलं नाही मी! पाणी ठेवलंय. तीन दिवसांचाच प्रश्न होता. मग सगळेच जाणार होतो. विचारायला राहणार कोण होतं?"

"कुठं, सिरिलो?"

"काकाच्या पडक्या न्हाणीत."

मिकाएला धावली. मागून निम्मी शाळा धावली.

झऱ्यावरच्या उतारावर ती मातीची ठेंगणी न्हाणी होती, घाम काढायची, माणूस रांगतच आत शिरेल एवढ्या दाराची. सिरिलोनं दार दगडांनी बंद करून वर चिखल लिंपला होता. आवाज जाऊ नये म्हणून. हवाही जाणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मिकाएलानं नखांनी चिखल ओरबाडला. शेजारी तोमासा, पलीकडे आई. दगड निघाला तेव्हा आतून कोंदट वास आला, आणि काहीच ऐकू आलं नाही. मिकाएला खांद्यापर्यंत आत घुसली. तिच्या हाताला एक गार पाऊल लागलं. तिनं ते घट्ट धरलं आणि ओढलं.

उजेडात आणल्यावर बराच वेळ तात हलले नाहीत. तोमासा त्यांच्या छातीवर कान ठेवून बसली. मग तातांना खोकला आला. डोळे न उघडताच ते पुटपुटले, "लाथ लागून पाणी सांडलं माझ्याकडून. दुसरं आणा."

सिरिलोला चौकीच्या कोठडीत ठेवलं. न्यायाधीशसाहेब त्या आठवड्यात 'तब्येतीसाठी' गावाबाहेर होते. तसे बरेच साहेब बाहेर होते. शुक्रवारभर सिरिलो भिंतीला पाठ लावून, गुडघ्यात डोकं घालून बसला. मिकाएलाही घाबरलेलीच होती. लेकीला तिनं दिवसभर चौकीतच ठेवलं, आणि असं का केलं हे कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी उजाडलं. मक्याची गिरणी सुरू झाली. रस्त्यावर बसचा क्लीनर शहराचं नाव घेत "शेला, शेला" ओरडत प्रवासी गोळा करायला लागला. कोणाचं तरी डुक्कर सुटलं होतं आणि दोन बायका त्याच्यामागे शिव्या देत धावत होत्या.

सिरिलोनं दोन्ही कान हातांनी झाकून घेतले होते. मिकाएलानं गजांतून गरम आतोलेचा, मक्याच्या पेजेचा पेला आत सरकवला.

"आता काय होणार?" त्यानं विचारलं.

"सोमवारी न्यायाधीशसाहेब येतायत," ती म्हणाली. "तुला त्यांच्यापुढे उभं करायचंय."

"सोमवारी," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.