आतून आकडे कोण सांगत होतं?

कुबात, माझा धाकटा दीर, खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही. बायकोशी तर तो रोजच बोलतो. पण ही हकिगत सांगताना त्याच्या पुढ्यातला चहा गार होऊन गेला आणि त्यानं घोटही घेतला नाही. शिवाय ज्या घरात हे घडलं तिथल्या सुनेनं, बुरुलनं, मला हेच सांगितलं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरात.

शब्दन् शब्द तोच.

म्हणून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. मंगळवार. आमचं अतबाशी गाव. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. लख्ख ऊन होतं. बर्फावरून ते असं उसळत होतं की डोळे उघडवत नव्हते.

कुबात डिश बसवतो, सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करतो. त्या आठवड्यात त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. रविवारी रात्री अपडेट आलं आणि सकाळी अर्ध्या गावाचे टीव्ही मुके. उपाय सोपा होता. बॉक्सचा प्लग काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा लावायचा आणि चॅनेल नव्यानं शोधायचे. डिशला अजिबात हात लावायचा नाही.

पण आमच्याकडची म्हातारी माणसं टीव्ही बिघडला की आधी डिशच फिरवतात.

सागिनबाय या म्हाताऱ्यानंही तेच करून ठेवलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा रशियात कामाला, घरात फक्त हा आणि सून बुरुल.

"बाबा, गोठ्यावर चढलात कशाला? आणि डिश कशाला पिळलीत?" कुबात वैतागला.

"मग काय करू? रात्री आकाशातून कुणीतरी येतं, माझ्या डब्यात काहीतरी घालून जातं, आणि तू म्हणतोस सुधारणा झाली!"

"आता एकाची दोन दुखणी झाली."

"डॉक्टर तूच ना? मग रडतोस कसला?"

बुरुल डोक्यावरच्या रुमालाआड हसली. कुबातनं बॉक्सचा प्लग काढून सतरंजीवर ठेवला.

"वहिनी, दहा मिनिटांनी हा लाव. पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या येतील. खालच्या पट्टीचा आकडा मला खिडकीतून ओरडून सांग. मी वर डिश फिरवतो."

"ओरडायचं ना? ते येतं मला."

कुबात शिडीनं घराला चिकटलेल्या गोठ्याच्या सपाट छपरावर गेला. सागिनबाय खाली शिडी धरून उभा राहिला. टीव्हीच्या खोलीची खिडकी छपराच्या कडेलाच, कुबातच्या पायांखाली होती, तिची वरची झडप उघडी.

त्यानं डिशवरचा बर्फ झाडला. नट सैल केले. हातांवर फुंकर मारली.

मग आतून आवाज आला...

"बारा."

कुबातनं डिश जराशी सरकवली.

"एकोणीस."

आवाज बसलेला होता. सर्दी झाली असेल, त्याला वाटलं.

"चौतीस."

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. या कामात बायका गप्प बसत नाहीत. आलं, आलं, अरे गेलं, आता मुंग्या दिसतायत, असा नुसता गलका असतो. इथे काहीच नाही. एक आकडा. शांतता. पुन्हा आकडा.

"सत्तावन्न."

कुबात थबकला.

त्यानं अजून डिश हलवलीच नव्हती.

मग त्यानं ती हलवली... आणि आतून आवाज आला नाही. जणू तो आकडा आधीच सांगून झाला होता.

"वहिनी, ऐकू येतंय ना?"

त्यानं डिश अजून थोडी सरकवली.

"एक्क्याण्णव. बस."

कुबातचे हात आपोआप थांबले. एक्क्याण्णव म्हणजे उत्तम. त्यानं नट आवळायला घेतला, तेवढ्यात...

"सागिनबाय."

नट हातातून निसटून बर्फात गेला.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मेली तरी घेत नाही. सोळा वर्षांत बुरुलच्या तोंडून ते नाव त्या घराच्या भिंतींनीही ऐकलं नव्हतं. आणि म्हाताऱ्याला असं नुसत्या नावानं हाक मारणारं वडीलधारं माणूस तर गावात उरलंच नव्हतं. त्या खिडकीतून अशी हाक मारायची ती त्याची आई. तो सात वर्षांचा असताना गेली. त्याच खोलीत.

"सागिनबाय, आत ये. गारठशील."

कुबातनं खाली पाहिलं. म्हातारा रागावला नव्हता. त्याचा चेहरा... कसा सांगू. लहान पोराचा झाला होता.

"आलो गं," तो म्हणाला.

त्यानं शिडी सोडली. ती घसरली आणि आडवी पडली.

"बाबा! जाऊ नका! ओ देऊ नका!"

म्हातारा दारापाशी गेला. वाकून त्यानं बूट काढले. तिथेच, बर्फात. घर मळवू नको म्हणून आईनं बजावलेलं पोर काढतं तसे, नीट जोडीनं ठेवले.

त्याच वेळी फाटक वाजलं.

बुरुल बाहेरून अंगणात येत होती. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या.

"गल्लीतला नळ गोठलाय मेला, शेकोटी करून सोडवावा लागला," ती म्हणत होती. "कुबात, दहा मिनिटं झाली का रे? प्लग लावायचा राहिलाच..."

कुबातच्या पायांखालून पुन्हा हाक आली.

"सागिनबाय."

बुरुलनंही ती ऐकली. तिनं उघड्या झडपेकडे पाहिलं. अनवाणी सासऱ्याकडे पाहिलं. बादल्या खाली पडल्या.

"मामंजी!"

तो वळला नाही. त्याचा हात कडीवर होता.

"मामंजी, आत कुणी नाही! मी इकडे आहे!"

कडी सरकली. दार वीतभर उघडलं...

"सागिनबाय!"

ही हाक बुरुलची होती. सगळ्या गल्लीत घुमली.

म्हातारा थांबला. हळूहळू वळला. आणि त्याच्या डोळ्यांत जो संताप होता तो सात वर्षांच्या पोराचा नव्हता, चांगला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्याचा होता.

"काय म्हणालीस?"

बुरुल बर्फात गुडघ्यांवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

आतून पुन्हा हाक आली नाही.

कुबातनं छपरावरून उडी मारली, घोटा मुरगळला. लंगडत आत गेला. खोली रिकामी. टीव्ही काळा. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, जागच्या जागी. आणि प्लग सतरंजीवर... त्यानं ठेवला होता तसाच.

त्यानं तो लावला. पट्ट्या उमटल्या.

खालची पट्टी. एक्क्याण्णव.

कुबातनं त्यानंतर सिग्नल मोजायचं यंत्र विकत घेतलं. छपरावर तो आता एकटाच असतो, आतून कुणालाही बोलू देत नाही. त्या डिशला मात्र त्यानं परत हात लावलेला नाही. तिचं चित्र एकदाही अडकलं नाही म्हणे.

सागिनबाय आहे. जेवतो, भांडतो, टीव्ही बघतो. त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त रोज तीनच्या सुमारास बूट काढून ठेवतो आणि खिडकीखाली जाऊन बसतो. टीव्हीकडे पाठ करून.

बुरुल आता पाण्याला जात नाही, शेजारीण आणून देते. हाकेच्या पलीकडे ती पाऊल टाकत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा भाकरी मोडता मोडता तिनं मला विचारलं, "ताई, मी नाव घेतलं तेव्हा ते चिडले, म्हणून थांबले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच घेतलं होतं ना... पुन्हा तशी वेळ आली आणि मी घेतलं, तर चिडतील का हो?"

मी घड्याळाकडे पाहिलं, तीन वाजत आले होते.

पलीकडच्या खोलीत म्हातारा बूट काढत होता.